तोंडाच्या कोपऱ्यातून

नूर्नबर्ग, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, १५५८

एन्ड्रेस,

अक्षर ओळखून तू आधी चुलीकडे बघशील, हे मला माहीत आहे. थांब. चार वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही आणि आजही मागत नाही. हे पत्र एका मित्रासाठी आहे.

हा मित्र ट्रॉम्बोन वाजवतो. चांगला वाजवतो; या शहरात त्याच्या तोडीचा दुसरा नाही, असं जाणकार म्हणतात. वय एक्केचाळीस, स्वभाव शांत, घरंदाज. त्याला एक छोटा अपघात झाला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. ट्रॉम्बोन ओठांच्या मधोमध टेकवून वाजवायचा असतो, हे तुला मी सांगायला नको. मागे दातांचा आधार नसला की ओठ आत जातो आणि स्वराच्या जागी फाटक्या भात्यासारखी फुसफूस बाहेर येते. सनई वाजवावी, तर आमच्या नगरवादकांच्या जथ्यात सनईच्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत. म्हणजे त्या मित्राच्या जथ्यात.

त्याच्या कानावर आलं की झिंक, म्हणजे तुझी ती छिद्रांची वाकडी लाकडी तुतारी, तोंडाच्या कोपऱ्यात धरून वाजवतात. कोपऱ्यातले त्याचे सगळे दात शाबूत आहेत. तेव्हा प्रश्न एवढाच: कान तयार असलेला, बोटं बऱ्यापैकी चालणारा माणूस नोव्हेंबरात झिंक हातात घेऊन फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत चारचौघांत वाजवण्याइतका तयार होईल का? मी त्याला म्हटलं, बाकी काही असो, एन्ड्रेसला झिंकमधलं कळतं.

इकडे सगळं ठीक. काल सणाचा हंस फार छान भाजला होता, असं सगळे म्हणाले. मी रश्शावरच भागवलं. अपोलोनिया तुझी आठवण काढते.

लिएनहार्ट

---

नूर्नबर्ग, संत आन्द्रेयासचा दिवस

एन्ड्रेस,

आज तुझ्या नावाचा सण, म्हणून रागावत नाही. नाहीतर चार वर्षांनी सख्ख्या थोरल्या भावाला पत्र लिहायचं आणि त्यात फक्त "दादा, तुझ्या त्या मित्राचं नाव लिएनहार्ट आहे का?" एवढंच लिहायचं, ही काय रीत झाली? रेगेन्सबुर्गात कागद महाग आहे का?

हो. माझेच दात.

मार्टिनच्या आधीचं शेवटचं लग्न होतं, पिंपवाल्यांच्या घरचं. आम्ही वरातीत वाजवत चाललो होतो. माझ्या पुढे नवरीचा मामा पांक्राट्झ. तो केवढा आहे हे तुला आठवत असेल, आता त्याच्या दीडपट झालाय. त्याचा हातमोजा पडला. तो उचलायला तो वाकला आणि नेमका त्याच क्षणी मला सगळ्यात खालचा स्वर हवा होता, म्हणून मी ट्रॉम्बोनची सरकती नळी पूर्ण पुढे लोटली. ती कुठे जाऊन टेकली ते मी लिहीत नाही. पांक्राट्झ दचकून मागे बसला. म्हणजे नळीवर बसला. पांक्राट्झचं सगळं वजन त्या नळीतून माझ्या तोंडात आलं.

"अरे, मागून काय खुपसलंस मेल्या?" पांक्राट्झ ओरडला.

"लिएनहार्ट, थांबलास का? वाजव की!" मेलखियोर पुढून ओरडला. तो आता आमच्या जथ्याचा मुख्य आहे, सनई फुंकताना मागे कधी वळून बघत नाही.

वाजवू कशानं? एक दात बर्फात गेला, दुसरा ट्रॉम्बोनच्या मुखवाटीत अक्रोडातल्या गरासारखा बसलेला सापडला. चालताना पुढच्या माणसापासून तीन पावलं अंतर ठेवावं, हे मी तुला किती वेळा शिकवलं होतं, ते आठवून तू आता हसत असशील. हस. दातांचं दुखणं बरं करणाऱ्या संतिणीचं नाव लावणारी बायको घरात असून माझी ही गत. अपोलोनिया म्हणते, "माझ्याकडे बघू नका, मी फक्त नावाची."

जथ्यातल्या लोकांना सांगितलंय की दाढ सुजली आहे. जबड्याला फडकं बांधून फिरतो. ख्रिसमसच्या आधीचे उपासाचे आठवडे असल्यामुळे लग्नं नाहीत, नाच नाहीत, म्हणून निभावतंय. बोलणं मात्र टाळतो. 'स' म्हणायला गेलो की 'थ' होतो. तुझं नावही धड घेता येत नाही. लिहिताना बरं असतं, अक्षरांमधून वारा जात नाही.

आता खरं काय ते सांगतो. मेणबत्त्यांच्या सणाला दरवर्षीप्रमाणे नोकऱ्या नव्या होतात. प्रत्येक वादकानं नगरसभेपुढे वाजवून दाखवायचं. ज्याला वाजवता आलं नाही त्याची जागा जाते, आणि जागेबरोबर वादकांच्या घरातल्या आमच्या खोल्या. मेलखियोरचा पुतण्या फाइट जागेवर डोळा ठेवूनच आहे. त्याची बायको परवा "सहज" आली आणि आमच्या बैठकीची लांबी पावलांनी मोजून गेली. बावीस वर्षं मी या शहरासाठी फुंकतोय, एन्ड्रेस. मला दुसरं काही येत नाही.

झिंक मी बाजारातून विकत घेतला आहे. कसा धरायचा, बोटं कुठे, सुरुवात कशापासून, सगळं लिही.

लिएनहार्ट

---

नूर्नबर्ग, डिसेंबरचा चौदावा दिवस

एन्ड्रेस,

तू लिहिलंस तसं सगळं केलं. आतून गोडं तेल फिरवलं. सगळी छिद्रं बोटांनी बंद करून तोंडानं हवा ओढून बघितली. ओठ वाद्याला चिकटून राहिला, म्हणजे कुठे गळती नाही. तू म्हणालास डावा हात वर, उजवा खाली, तसे धरले. तू म्हणालास तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात, तिथे टेकवला.

आठवडा झाला. डावं कोपर माझ्या बरगडीत घुसतं, उजवं मनगट पिळल्या फडक्यासारखं होतं, आणि वाद्याचं टोक माझ्याच डाव्या खांद्याकडे येऊन माझ्याच कानात ओरडतं. त्यातून निघणाऱ्या आवाजाबद्दल काय सांगू? समोरची पाववाली काल दारात येऊन अपोलोनियाला हळूच विचारत होती, "घरी कोणी आजारी आहे का ग? काही लागलं तर सांग हो." अपोलोनिया म्हणाली, "आजारी नाही, शिकतायत." पाववाली म्हणाली, "अगबाई," आणि एक गरम पाव देऊन गेली.

ट्रॉम्बोनवर बावीस वर्षांत माझं एवढं हसं कोणी केलं नव्हतं. मला आता कळलं तुझा डाव. चार वर्षांचा सूड उगवतोयस. रेगेन्सबुर्गात बसून मुद्दाम उलटंपालटं शिकवतोयस, म्हणजे सणाच्या दिवशी मी नगरसभेपुढे हंसासारखा केकाटेन आणि तुला तिकडे गुदगुल्या होतील. असलं मन तुझं असेल असं वाटलं नव्हतं. वाटलं होतं खरं तर, पण इतकं नाही.

पुन्हा पत्र लिहू नकोस.

लिएनहार्ट

---

नूर्नबर्ग, डिसेंबरचा अठरावा दिवस

एन्ड्रेस,

मागचं पत्र पोचलं नसेल तर पोचल्यावर उघडू नकोस. उघडलं असशील तर विसर.

काल दुपारी मी खिडकीपाशी उभा राहून छळ करून घेत होतो. अपोलोनिया कोबी चिरत होती. सुरी थांबवून ती म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"एन्ड्रेस भाऊजी हा दुसऱ्या बाजूनं धरायचे ना?"

मी म्हटलं, "हा कुठला एन्ड्रेसचा? हा मी बाजारातून..."

"सासूबाईंच्या पेटीतून काढताना मी बघितलंय तुम्हाला," ती म्हणाली. "कशाला बाजार सांगताय? त्या वाद्याचा बाक डावीकडे आहे. भाऊजी डावखुरे. तुम्ही उजव्या हाताच्या माणसासारखं धरताय म्हणून ते तुमच्या अंगावर येतंय. द्या इकडे."

तिनं तो माझ्या हातातून घेतला, माझा उजवा हात वर ठेवला, डावा खाली, आणि टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात नेलं. कोपरं आपोआप सुटी झाली. मी फुंकलं. एन्ड्रेस, पहिल्यांदा स्वर आला. कोणीतरी शेजारच्या खोलीत गाणं सुरू करावं तसा आला. मी घाबरून थांबलोच.

"थांबलात का?" ती म्हणाली. "कोबीला बरं वाटत होतं."

तर तुला माहीत व्हावं म्हणून लिहितो: वाद्य मी विकत घेतलं नव्हतं. तू जाताना मागे ठेवलेला तुझा जुना झिंक आहे. तुला विचारल्याशिवाय काढला. विचारायची लाज वाटली. तू बिचारा उजव्या झिंकची बोटं लिहून पाठवत होतास आणि मी ती डाव्या झिंकवर बसवत होतो, आणि वर तुलाच शिव्या. असला गाढवपणा ट्रॉम्बोनवालाच करू जाणे, असं तू म्हणशील. म्हण.

आता डाव्या बाजूचं लिहून पाठव. आणि त्या वरच्या स्वराला तू जो वळसा द्यायचास, खाली उतरण्याआधी दोनदा घुटमळायचास, तो कसा ते पण.

लिएनहार्ट

---

नूर्नबर्ग, तीन राजांच्या सणाचा दुसरा दिवस, जानेवारी १५५९

एन्ड्रेस,

गाडीवानानं तुझं पुडकं दिलं. शिंगाची मुखवाटी बघून मी बाहेर पायरीवरच बसलो. ओकच्या फळाच्या टोपीएवढी ती वस्तू, आणि त्यावर तू किती घासलं असशील ते कळतंय. कड माझ्या ओठाला इतकी बरोबर बसते की जणू मापच घेऊन केलीस. जुनीपेक्षा खूप चांगली. आभार मानायला मला येत नाही, पण मानतोय असं समज.

प्रगती अशी: दोन स्तोत्रं सबंध येतात. राजवाडी नाचाची चाल येते, अर्थात घाई केली नाही तर. तुझा वळसा दहात सहा वेळा जमतो. मेलखियोरला शेवटी सगळं सांगून टाकलं, कारण काल लग्नाचं बोलावणं आलं. मी फडकं सोडून तोंड उघडून दाखवलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं रे. तू आधीही फार हसत नव्हतास, पण हसायचं टाळत नव्हतास." मग त्यानं झिंक ऐकला. दाढी कुरवाळत म्हणाला, "मी आडवा येणार नाही. पण जथ्यात झिंकची जागाच नाही, ती नव्यानं करायची की नाही हे नगरसभा ठरवेल. आणि फाइट ट्रॉम्बोन बरा वाजवतो, हे मला खोटं सांगता येणार नाही."

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. तू विचारलंस, चार वर्षांपूर्वी नगरसभेत नेमकं काय झालं. मी तुला तेव्हा सांगितलं होतं की नगरसभेनं ठरवलं, त्यांना झिंक नको होता. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता एका दमात लिहितो, वाचून होईपर्यंत उठू नकोस.

नगरसभेला झिंक हवा होता. सभासद वोल्कहार्ट, जे संगीताचं बघतात, ते तुला जथ्यात घ्यायचं म्हणत होते. मला बोलावून विचारलं. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझा भाऊ डावखुरा आहे. रांगेत सगळी वाद्यं एका बाजूला आणि त्याचं तेवढं दुसऱ्या बाजूला दिसेल, शेजाऱ्याच्या वाद्यावर आपटेल, शोभा जाईल. (त्याच वाकड्या बाजूनं मी दहा दिवस मार खाल्ला, तेव्हा मला ते आठवलं नाही. बघ.) दुसरं, मी सांगितलं की तुला इथे राहायचंच नाही, तू रेगेन्सबुर्गाला बोलणी पक्की केली आहेस. ते खोटं होतं. तुझी तेव्हा कुणाशी काही बोलणी नव्हती. ती तू नंतर केलीस, चिडून.

का केलं? त्याच्या आदल्या हिवाळ्यात नगरभवनात नाच होता. तू वरची चाल वाजवत होतास आणि मधेच तो वळसा घेतलास. नाचणारे थांबले, एन्ड्रेस. माना वळल्या. बायका हातातले पंखे खाली करून तुझ्याकडे बघत राहिल्या. त्याच क्षणी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात शुद्ध खालचा स्वर धरून उभा होतो. त्याच्यावरच तू उभा होतास. एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. मला तुझा हेवा वाटला. लहानपणी तुला काठीवर वाद्यासारखी बोटं ठेवायला मी शिकवलं होतं, आणि मला तू नको झालास.

एवढंच. यापुढे शिकवावंसं वाटलं नाही तर मी समजेन.

लिएनहार्ट

---

नूर्नबर्ग, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

एन्ड्रेस,

चार आठवड्यांत तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. तरीही काल काय झालं ते तुला कळायलाच हवं, कारण त्यात तुझं काम आहे.

सकाळी अपोलोनियानं अंगरखा झटकून दिला, गळ्याची पट्टी तीन वेळा सरळ केली आणि म्हणाली, "काही झालं तरी आपण घरी येऊन मटाराचं सूप खाणार आहोत. कुठलं घर, ते नंतर बघू." मी नगरभवनाच्या पायऱ्या चढलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर ट्रॉम्बोन नव्हता. हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

आधी फाइटनं वाजवलं. चांगलं वाजवलं. खरंच चांगलं. मग मेलखियोरनं माझं नाव घेतलं आणि म्हणाला, "महाराज, लिएनहार्टचे दात गेले, पण वाद्य गेलं नाही. दुसरं धरलंय." सभासदांत हशा झाला. मी मनात म्हटलं, हसा, त्यात काय. फुंकलं.

पहिला स्वर फुटला. अगदी त्या पाववालीला ऐकू गेला होता तसा. हशा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. मी एक श्वास घेतला, तुझी ओळ आठवली, की ओठ आवळू नकोस, बोलल्यासारखं फुंक. पुन्हा सुरू केलं. स्तोत्र निघालं, मग नाचाची चाल. वळशापाशी आलो तेव्हा वाटलं, दहातले सहा की दहातले चार? तो जमला, एन्ड्रेस. दोनदा घुटमळला आणि खाली उतरला. एक म्हातारे सभासद खुर्चीत पाय हलवायला लागले.

संपल्यावर वोल्कहार्ट म्हणाले, "हे वळण मी या सभागृहात पूर्वी ऐकलं आहे. तू हे कुणाकडून शिकलास?"

खोटं बोलायला जागा होती. बाजारात शिकलो म्हणता आलं असतं, कुणी विचारत बसलं नसतं. फाइट भिंतीपाशी उभा होता आणि मला माहीत होतं की एक शब्द जास्त बोललो तर जागा त्याची. तरी मी म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाकडून. एन्ड्रेसकडून. पत्रांतून."

"तोच ना, ज्याला इथे राहायचं नव्हतं?"

"त्याला राहायचं होतं, महाराज," मी म्हणालो. "राहायचं नाही असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. डाव्या हाताचं कारणही उगीच होतं; आताच तुम्ही बघितलंत, वाद्य डावीकडे वळलं म्हणून भिंत पडत नाही." सगळे 'स' 'थ' होत होते, तरी कुणी हसलं नाही.

मग त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी पायरीवर बसून भिंतीचे दगड बघत राहिलो. बराच वेळ लागला. परत बोलावलं तेव्हा वोल्कहार्टनी मला असं फैलावर घेतलं की अजून कान गरम आहेत. नगराच्या वादकानं नगरसभेशी खोटं बोलायचं म्हणजे काय, वगैरे. ऐकून घेतलं. मग निर्णय सांगितला: जथ्यात झिंकच्या दोन जागा नव्यानं होतील. फाइट ट्रॉम्बोनवर येईल. झिंकची पहिली जागा तुझी, दुसरी माझी. सभेचं रीतसर पत्र वेगळं येईल, पण मी आधी लिहितोय, कारण तुला बातमी कारकुनाकडून कळावी असं मला वाटत नाही.

झिंकच्या पहिल्या वादकाला खालच्या खोल्या मिळणार, आमच्याच. आम्ही वर जातोय. वरच्या दोन खोल्यांत ऊन चांगलं येतं आणि धुराडं तिथूनच जात असल्यामुळे ऊब असते. जिना जरा अरुंद आहे, पण अपोलोनियाला वर राहणं आवडेल.

आता तू यायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मला कबूल करायचं होतं ते केलं. तुझ्या मनातून मी उतरलो असेन तर त्याला मीच कारण आहे, पण जागा माझी नाही, तुझी आहे. माझ्यावरच्या रागात ती सोडू नकोस. लग्नं सुरू झालीत आणि मला वरची चाल एकट्यानं सांभाळताना नाकी नऊ येतील. ये रे.

तुझा दादा,
लिएनहार्ट

---

त्याच दिवशी, त्याच पाकिटात

एन्ड्रेस भाऊजींना,

लाख लावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हा कागद आत घालते आहे. लिएनहार्टना माहीत नाही आणि माहीत होऊ नये. माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून वाचा.

सभेतलं त्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, शेवटचं सोडून. मेलखियोर आज सकाळी पाणी भरायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर मला ते सांगून गेला आणि सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. नगरसभेनं रागावून झाल्यावर म्हटलं, की माणसानं आपणहून कबुली दिली, वाजवलंही बरं, तेव्हा पहिली जागा लिएनहार्टचीच राहील, खोल्याही त्यांच्याच. भावाला यायचं असलं तर दुसरी जागा देऊ.

हे म्हणाले, "नाही, महाराज. उलटं करा." वोल्कहार्टनी विचारलं, "तुला कळतंय का तू काय सोडतोयस?" तर म्हणाले, "कळतंय. तो पुढे असला म्हणजे मला त्याचं ऐकू येईल, आणि तेवढं ऐकायला मिळालं तरी पुष्कळ झालं." मेलखियोर म्हणतो, त्यावर कारकुनानं आधी लिहिलेलं खोडलं.

घरी आल्यावर मला म्हणाले, "सभेनं ठरवलं, काय करणार." मी म्हटलं, "बरं." आणि जेवल्यावर पलंगाच्या चादरी वर न्यायला सुरुवात केली.

भाऊजी, तुमचा राग रास्त आहे आणि तो घेऊन या, इथे सगळा मावेल. फक्त एक सांगते. ते बावीस वर्षं ट्रॉम्बोनच्या पहिल्या जागी उभे राहिलेत. दुसऱ्या जागी उभं राहायची त्यांना सवय नाही. पहिले काही दिवस जरा सांभाळून घ्या.

तुमची वहिनी,
अपोलोनिया